चुलीच्या आणि घोड्यांच्या मधली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी दगडी भिंत आहे. जुनी म्हणजे किती जुनी ते मात्र विचारू नका. दगडाला वयाचा हिशेब राहत नाही, आणि मला तर अंगावर जरा ऊन आलं की डुलकी लागते. निम्मं आयुष्य मी पेंगत काढलं आहे. तेव्हा सांगताना कुठे मागचं पुढे झालं, तर सांभाळून घ्या.

टेकडीच्या उतारावर एक शेतघर आहे, त्यात मी उभी आहे. खरं सांगायचं तर मीच ते शेतघर आहे असं मला मनातून वाटतं, पण छपराला आणि धुराड्याला राग येईल म्हणून मी बोलत नाही. माझ्या एका अंगाला स्वयंपाकघर आहे आणि दुसऱ्या अंगाला पागा. स्वयंपाकघराच्या बाजूने मला पांढरा चुना लावलेला आहे. पागेच्या बाजूचे दगड उघडेच आहेत, आणि घोड्यांनी पाठ घासून घासून ते गुळगुळीत केले आहेत. इकडून चुलीची ऊब येते, तिकडून घोड्यांच्या अंगाची. मध्ये मी. डोळा लागला की इकडचे भांड्यांचे आवाज आणि तिकडचे खुरांचे आवाज एकमेकांत मिसळून जातात. मग स्वप्नात घोडे टेबलाशी बसून जेवतात आणि घरातली माणसं गव्हाणीत तोंड घालून गवत चघळतात. जाग आल्यावर मला हसू येतं, पण भिंतीचं हसू कोणाला दिसत नाही.

तुम्हाला वाटेल की आधी घर बांधलं असेल आणि मग त्याला पागा जोडली असेल. झालं ते उलट. ज्याने आम्हाला बांधलं तो गाडीवान होता. त्याने आधी घोड्यांची सोय केली. त्याची बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अहो, घोड्यांना छप्पर आणि आपल्याला आभाळ?” तो म्हणाला की घोडे जगले तर घर होईल. तिने नाक मुरडलं. पहिला हिवाळा दोघांनी पागेच्या वरच्या माळ्यावर गवतात झोपून काढला. खालून घोड्यांची ऊब वर चढायची, आणि बाहेर सगळं गोठलेलं असताना ती दोघं घाम पुसत उठायची. आयुष्यात इतकी छान झोप कधी लागली नव्हती, असं ती बाई एकदा म्हणाली. पण नवऱ्याला म्हणाली नाही. माळ्याच्या शिडीवर बसून, माझ्यावर डोकं टेकून मला म्हणाली. माणसांची ही खोड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

म्हणजे मी आधी बाहेरची भिंत होते. खालच्या दरीतला वारा सरळ माझ्या तोंडावर यायचा. पाऊस आडवा लागायचा. पाथरवटाने याच उतारावरून दगड काढला होता. जिथून काढला तिथे पुढे तळं साठलं. गवंडी मोठा चोखंदळ होता. एकेक दगड हातात घेऊन फिरवायचा आणि त्याचं तोंड कुठे आहे ते बघायचा. त्याने मला दोन थरांत रचलं, एक थर आतल्या तोंडाचा, एक बाहेरच्या तोंडाचा. मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा, खडी आणि चुना भरला. आणि ठरावीक अंतराने एकेक लांब दगड असा बसवला की त्याचं एक टोक इकडे दिसावं आणि दुसरं तिकडे. त्याला तो आरपार दगड म्हणायचा. हे दगड नसतील तर या दोन भिंती आहेत, कधीतरी एकमेकींना पाठ दाखवून पडतील, असं तो गाडीवानाला समजावून सांगत होता. गाडीवानाचं लक्ष घोड्याकडे होतं, पण मी नीट ऐकून घेतलं.

पुढे घर झालं. माझ्या वाऱ्याकडच्या तोंडाला स्वयंपाकघर येऊन चिकटलं. पावसाचं पाणी झटकून टाकायला गवंड्याने माझ्या अंगावर चपट्या दगडांची एक ओळ पुढे काढली होती. ती आता घराच्या आत आली. बायकांनी तिच्यावर बरण्या ठेवायला सुरुवात केली. अजूनही कधीकधी झोपेत मला वाटतं की त्या बरण्यांवर पाऊस पडतोय आणि दरीतला वारा मिठाच्या भांड्याशी खेळतोय. माझ्या डोक्यावर एक लांब तुळई आहे, अख्ख्या झाडाची. घराचं छप्पर आणि पागेचं छप्पर दोन्ही तिच्यावर येतात, आणि ती माझ्यावर येते. ते ओझं मला कधी जड वाटलं नाही. डोक्यावर कोणाचा तरी हात असावा, तसं ते वाटतं.

मग खूप काळ गेला. तो कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. शिंगरं जन्मली, मुलं जन्मली. पागेतला उतार घासून गुळगुळीत झाला, कारण पाणी मोरीकडे वाहून जावं म्हणून फरशी मुद्दाम तिरकी घातली होती आणि रोज कोणीतरी ती धुवायचं. घरात येणारे पाहुणे दाराच्या कमानीचं कौतुक करायचे, कोपऱ्याच्या घडीव दगडांचं करायचे. मधल्या भिंतीकडे कोण बघतंय! एकदा मात्र बांधकाम शिकवणारे एक गुरुजी विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांनी माझ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, हा या घराचा कणा आहे. मी इतकी फुगले की पुढे बराच काळ चुन्याचे पोपडे का निघताहेत ते घरच्यांना कळत नव्हतं. पोपडे ओलीमुळे निघत होते हे मला माहीत आहे, पण मला माझं कारण जास्त आवडतं.

आता ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांच्याकडे येते. मालकी फिरत फिरत एका घोडेवाल्याकडे आली. त्याला दोन मुलं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. आई लवकर गेली, म्हणून बाबाच दोघांचं सगळं करायचे. त्यांच्याकडे एक करडी घोडी होती, शांत आणि मोठ्या पोटाची. दोन्ही मुलं तिच्या पायांत लुडबुडत मोठी झाली.

माझ्यात एक जागा आहे, चुलीच्या पाठीमागे जरा उजवीकडे. ती कधी गार पडत नाही. चुलीची धग तिथे मुरते आणि कितीही पाऊस झाला तरी तेवढा भाग कोरडा राहतो. बाबांनी मुलांना शिकवलं होतं की ज्याला ओल लागू द्यायची नाही ते या जागेजवळ ठेवायचं. पागेकडून चामड्याच्या वस्तू, स्वयंपाकघराकडून मीठ आणि बियाणं. मुलांनी ती जागा स्वतःसाठीच घेतली. बाहेर चिखल असला की थोरली पागेच्या बाजूने तिथे पाठ टेकून बसायची, धाकटा स्वयंपाकघराच्या बाजूने. आपला आवाज पलीकडे जातो का हे बघायला दोघं ओरडून ओरडून लाल व्हायची. आवाज जात नव्हता. मी हातभर जाड आहे. तरी बसायची ती तिथेच, पाठीला पाठ लावून, मध्ये मला घेऊन. मला फार सुख वाटायचं.

बाबा वारले तेव्हा दोघं मोठी झाली होती. शेत धाकटा बघायचा, घोड्यांचं थोरली. मग ट्रॅक्टर आला. करडी घोडी म्हातारी झाली होती. आत्या आजारी पडली म्हणून थोरली तिच्याकडे राहायला गेली, आणि ती नसताना एक व्यापारी घोडी बघायला आला. धाकट्याने घोडी विकली. वाईट हेतूने विकली असं मी म्हणणार नाही. चारा कमी होता, घोडी कामाची उरली नव्हती, आणि ताईला विचारलं तर ती नाही म्हणेल हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने विचारलं नाही. थोरली परत आली ती पिशवीत गाजरं घेऊन. सरळ पागेत गेली. रिकाम्या गव्हाणीपुढे ती उभी राहिली, किती वेळ ते मला सांगवत नाही. मग पिशवी तिथेच ठेवून ती माझ्याकडे वळली आणि त्या कोरड्या जागेवर तिने कपाळ टेकलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, “एकदा विचारायचं होतंस रे.”

पलीकडे, स्वयंपाकघरात, तो त्याच जागेला टेकून बसला होता. त्याला काही ऐकू गेलं नाही.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. सुरुवातीला थोरली पागेत उरलेल्या घोड्याशी मोठ्याने बोलायची, म्हणजे अंगणातल्या धाकट्याला ऐकू जावं. “बघ रे घोड्या, घराच्या छपराचं कौल सरकलंय, कोणाला दिसत नसेल तर नसेल.” दुसऱ्या दिवशी कौल जागेवर असायचं. मला त्याचीही मजा वाटायची. पण हळूहळू तेही थांबलं.

शेवटी वाटणी करायची ठरली. त्यासाठी त्यांचे मामा आले. मामा शिंपी होते. स्वभावाने गरीब, पण आयुष्यभर कापड मधोमध दुमडून कापलेलं, त्यामुळे जगात जे काही आहे ते दुमडून कापता येतं अशी त्यांची समजूत. घर धाकट्याला, पागा आणि माळा थोरलीला, इथपर्यंत ठीक होतं. मग मामांची नजर माझ्यावर आली. त्यांनी गळ्यातली टेप काढली, अंगणाकडे उघड्या असलेल्या माझ्या टोकाशी जाडी मोजली, टेप दुमडली आणि खडूने तिथे मधोमध रेघ ओढली. “ही अर्धी तुझी, ती अर्धी तिची,” ते म्हणाले. “आपापल्या अर्ध्यात जे हवं ते करा. दुसऱ्याला विचारायची गरज नाही.” दोघांनी दोन दिशांना बघत मान हलवली. मामा समाधानाने जेवले आणि गेले.

माझ्या पोटातल्या आरपार दगडांना त्या रेघेचं काय करायचं ते कळेना. त्यांचं अर्धं अंग आता एकाचं होतं आणि अर्धं दुसरीचं.

वर्षं गेली. थोरलीने माळ्यावर खोली केली. खाली दोन मजबूत घोडे बांधले. जिथे ट्रॅक्टर जात नाही अशा जंगलातून ती तोडलेल्या झाडांचे ओंडके ओढून आणायची. धाकट्याचं लग्न झालं. त्याची बायको मोठी गोड मुलगी. अंगणात भेटली की ती थोरलीशी कोंबड्यांबद्दल आणि हवेबद्दल बोलायची, कारण नवऱ्याबद्दल बोलायचं नाही हे दोन्हीकडून तिला बजावलेलं होतं. एकदा तिने जेवताना नवऱ्याला म्हटलंही, ताईंशी एकदा बोला ना. त्याने मीठ मागितलं.

पण मित्रांनो, तो माझ्याशी बोलायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन तो त्या उबदार जागेला टेकून बसायचा. डोळे मिटले की तोंडातून एखादं वाक्य निसटायचं. त्यातलं एक मी फार जपून ठेवलं होतं. लग्नाच्याही आधी, घोडी विकल्यावर थोड्याच दिवसांनी तो ते बोलला होता. “परत आणायला गेलो होतो गं तिला.” एवढंच. आणि नेमकी त्याच वेळी थोरली पलीकडून टेकलेली होती, त्याच उंचीवर, त्याच जागी. दोघांच्या मध्ये फक्त मी होते. ते वाक्य माझ्यात शिरलं, चुन्यापर्यंत आलं आणि अडकलं. किती वेळा मला स्वप्न पडलं की ते वाक्य घोड्यासारखं माझ्या पोटातून चालत चालत पलीकडे बाहेर पडलं आणि तिच्या खांद्यावर त्याने तोंड ठेवलं. जाग आली की ते तिथेच असायचं. तिला ते कळावं, एवढी एकच इच्छा मला आयुष्यात झाली. बाकी मी काही मागितलं नाही.

मग तो ओला हंगाम आला. पाऊस संपेचना. पागेत थोरलीच्या खोगिरांना बुरशी धरली, लगाम चिकट झाले. घरात धाकट्याच्या बियाण्याला ओल लागली. दोघांना बाबांचं शिकवणं आठवलं. दोघांनी विचार केला की त्या कोरड्या जागेत भिंत कोरून एक कोनाडा करावा, म्हणजे आपली वस्तू ऊब धरून राहील. दोघांना मामांचे शब्दही आठवले. आपल्या अर्ध्यात आहे, विचारायचं कशाला?

आणि ठोकाठोकी दुसऱ्याला ऐकू जाऊ नये एवढी मात्र दोघांनी काळजी घेतली. थोरली घोडे घेऊन जंगलात गेली की धाकटा छिन्नी-हातोडा काढायचा. धाकट्याचा ट्रॅक्टर शेतात गेला की थोरली काढायची. काम झालं की तो खड्ड्यावर गोणपाट टांगायचा, ती पुढे गवताचा भारा ठेवायची. इतकी सारखी वागणारी दोन माणसं मी पाहिली नाहीत. सुरुवातीला मला नुसत्या गुदगुल्या झाल्या. मग पुढचे दगड गेले, आतली खडी सांडायला लागली आणि मला हुडहुडी भरली. मधे एक आरपार दगड होता. धाकट्याने त्याचं आपल्या बाजूचं टोक फोडलं, कारण ते वाटेत येत होतं. काही दिवसांनी थोरलीने आपल्या बाजूचं फोडलं, कारण ते वाटेत येत होतं. तुळईने वरून हळूच विचारलं, काय चाललंय खाली? मी म्हटलं, झोप. काय सांगणार होते मी?

त्या सकाळी ढग होते. थोरली निघाली, पण वाटेत एका घोड्याचा नाल सैल झाला म्हणून अर्ध्यातून परत आली. ट्रॅक्टर दूर खालच्या शेतात उभा दिसत होता, त्यामुळे धाकटा तिथेच असेल असं तिला वाटलं. तो ट्रॅक्टर तिथे ठेवून चालत घरी आला होता. ती गेली आहे या समजुतीत तो पहार घेऊन कामाला लागला होता. घोडे बांधून, मोडलेला दिवस वाया जायला नको म्हणून तिनेही छिन्नी उचलली. त्याला पलीकडची ठकठक ऐकू आली, पण त्याला वाटलं आपलाच आवाज घुमतोय. तिलाही तसंच वाटलं. दोघं थांबायची, कान द्यायची, पलीकडूनही आवाज थांबायचा, आणि दोघं निश्चिंत होऊन पुन्हा ठोकायची.

मग त्याची पहार आत गेली आणि काही लागलंच नाही. खडी भसकन पागेच्या बाजूला ओघळली, उरलेला तुटका दगड तिच्या पायाशी पडला. धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा माझ्या पोटाला आरपार भोक होतं. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तिचा, दोघांच्या भुवया चुन्याने पांढऱ्या. इतक्या वर्षांनी ती एकमेकांकडे बघत होती. दोघांच्या हातात हत्यारं होती, त्यामुळे दोघांनाही दुसऱ्याला काही म्हणायची सोय नव्हती.

वरून तुळई कण्हली. बारीक, लांब आवाज. भोकाच्या वरचा एक दगड बोटभर खाली सरकला.

“टेकू,” थोरली म्हणाली. भावाशी बोललेला इतक्या वर्षांतला तिचा पहिला शब्द. “तुळईखाली टेकू दे आधी.”

“माझ्याकडे लाकूड नाहीये, ताई.”

तिच्याकडे ओंडके होतेच. तिने एक सरळ, लांब खांब उचलला आणि भोकातून त्याच्याकडे सरकवला. “धर,” ती म्हणाली. त्याने धरला. दुसरा खांब तिने आपल्या बाजूने लावला. दोघांनी खाली पाचरी ठोकल्या. पण पागेची फरशी तिरकी आणि स्वयंपाकघराची गुळगुळीत, त्यामुळे खांबांचे पाय सरकायला लागले. पाय लावून, खांद्याने रेटून उभं राहण्याशिवाय इलाज नव्हता. एकाने सोडलं असतं तर सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर गेला असता. धाकट्याची बायको आवाज ऐकून धावत आली, बघितलं, आणि गवंड्याला आणायला पळाली. गवंडी खालच्या गावात राहायचा. यायला वेळ लागणार होता.

दोघं उभी राहिली. मी जीव मुठीत धरून होते. घोडे कान टवकारून बघत होते. चुलीचा धूर त्या भोकातून पागेत जात होता, आणि पागेतला गवताचा वास स्वयंपाकघरात येत होता. माझ्या अंगातून वारा वाहतोय असं मला खूप वर्षांनी वाटलं, आणि त्या भीतीतही मला गुंगी आल्यासारखं झालं.

“इथेच का कोरलंस?” तिने विचारलं.

“कोरडी जागा आहे. तू?”

“कोरडी जागा आहे.”

मग धाकट्याचा आवाज आला. तो तिच्याकडे बघत नव्हता, खांबाकडे बघत होता. “परत आणायला गेलो होतो गं तिला.”

मित्रांनो, तेच वाक्य. भोकातून ते सहज निघून गेलं, जसं काही त्याला कधी काही अडवतच नव्हतं. मी इतकी वर्षं ते पोटात घेऊन उभी होते आणि त्याला पलीकडे जायला एक श्वास पुरला.

मग तो एकेक करून सांगत गेला. व्यापाऱ्याने घोडी पुढे विकली होती. शोधत शोधत तो एका माळ्याच्या बागेपर्यंत पोचला होता. घोडी तिथे झाडाखाली उभी होती. माळ्याची लहान मुलं तिच्या गळ्याला मिठ्या मारून रडायला लागली, घोडी नेऊ नका म्हणून. तिला ओढून आणायची त्याला हिंमत झाली नाही. आणि रिकाम्या हाताने येऊन ताईला काय सांगायचं, तेही कळलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहून गेलं.

थोरलीने खांब आणखी घट्ट धरला. “डाव्या मागच्या पायाचं कोणी बघत होतं का? तो खूर फुटायचा तिचा.”

“नाल नवा होता. मी पाय उचलून बघितला. बाबा बघायचे तसा.”

तेव्हा मात्र ती रडली. खांबाला खांदा लावून, हात सोडता येत नव्हते म्हणून नाक न पुसता, अगदी लहान मुलीसारखी रडली. तोही रडला. मला दोन्हीकडून ऐकू येत होतं आणि या वेळी त्यांना एकमेकांचंही ऐकू येत होतं. माझ्या सगळ्या दगडांना कोणीतरी आतून ऊब दिली असं मला वाटलं. एवढी वर्षं का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं. तू विचारलं नाहीस, असं तो म्हणाला. मग दोघांनाही ते किती वेडगळ आहे हे कळलं असावं, कारण ती रडता रडता हसली आणि खांब हलला, आणि दोघं एकदम ओरडली, “नीट धर!”

गवंडी आला. त्याने भोकाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं, आणि अर्धी-अर्धी भिंत कोणी वाटली ते विचारलं. मामांचं नाव निघाल्यावर तो म्हणाला की शिंप्याला भिंत दाखवायची नसते. मग त्याने खांब पक्के केले आणि तळ्याकाठून एक नवा लांब दगड आणवला. आरपार दगड एका बाजूने बसत नाही. पागेकडून थोरलीने ढकलला, स्वयंपाकघराकडून धाकट्याने ओढून घेतला. गवंडी मधे चुना सारत होता. बसवण्याआधी त्याने विचारलं होतं, एवढं पडलंच आहे तर इथे दार ठेवू का, येण्याजाण्याला बरं. दोघं एकाच वेळी म्हणाली, “नको, वर तुळई आहे.” माझा जीव भांड्यात पडला.

भोक बुजलं. मी पुन्हा पहिल्यासारखी मुकी झाले. आता यांचं काय होणार, असं मला वाटलं, कारण पलीकडे काही पोचवणं माझ्या हातात नव्हतंच. पागेच्या बाजूला थोरलीने हात धुतले. घोड्याच्या पाठीवर थाप मारली. जराशी घुटमळली. मग ती पागेतून बाहेर पडली, अंगण ओलांडून, विहिरीला वळसा घालून घराच्या पुढच्या बाजूला आली, आणि कमानीखालच्या दारातून चिखलाच्या बुटांनी सरळ आत आली. धाकट्याच्या बायकोने काही न विचारता तिसरं ताट वाढलं.

ते दार कधीच बंद नव्हतं. मला इथून कायम दिसायचं ते.

आता मी बरी आहे. नव्या दगडाला अजून जरा अवघडल्यासारखं होतं, पण तो रुळेल. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, दोन माणसांच्या मध्ये उभी असलेली. तिला ओल आली तर चुना लावा. फट पडली तर लवकर बुजवा. तिच्यातून काही काढायचं असेल तर आधी पलीकडे कोण राहतं ते बघून या. आणि पलीकडच्या माणसाला सांगायचं काही राहून गेलं असेल, तर कृपा करून ते आमच्या कानात सांगून ठेवू नका. आम्ही ते जपतो, पण आम्हाला ते पोचवता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. उठा, अंगणातून वळसा घाला आणि आत जा.